एअरपोर्टची तपासणी: काय दिसतं, कोण बघतं आणि किती दिवस राहतं

एअरपोर्टवरच्या तपासणीचा विषय निघाला की लगेच दोन बाजू पडतात, एक बाजू म्हणते लपवायला काही नसेल तर घाबरायचं कशाला, आणि दुसरी म्हणते हे सगळं नुसतं दाखवायला आहे, बंदच करा. मला दोन्ही पटत नाहीत. विमानात बसलेल्या प्रत्येकाला सुखरूप पोचायचा हक्क आहे, आणि त्याच माणसाचा स्वतःच्या शरीरावर, आजारपणावर, चेहऱ्यावर, फोनमधल्या गोष्टींवरही हक्क आहे, आणि लाईनीत उभं राहिलं म्हणून त्यातला कुठलाच हक्क संपत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की तपासणी हवी का नको यावर भांडत बसण्यापेक्षा ती कशी होते ते बघा, म्हणजे मशीनला नेमकं काय दिसतं, ते कोण बघतं, किती दिवस साठवलं जातं, आणि आपण नाही म्हटलं तर पुढे काय होतं. हे चार प्रश्न विचारले की बराचसा गोंधळ आपोआप कमी होतो.

आधी थोडं मागे जाऊ. एकेकाळी लोक तिकीट घेऊन सरळ विमानात जाऊन बसायचे, कोणी काही विचारायचं नाही. मग १९६० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत विमानं पळवण्याचं प्रमाण भयंकर वाढलं, आणि नोव्हेंबर १९७२ मध्ये सदर्न एअरवेजचं एक विमान पळवणाऱ्यांनी ते टेनेसीतल्या ओक रिजच्या अणुभट्टीवर आदळायची धमकी दिली, तेव्हा मात्र सरकार हललं. ५ जानेवारी १९७३ पासून अमेरिकेत सगळ्याच प्रवाशांची तपासणी सक्तीची झाली. पुढच्या वर्षी आयकाओ या विमान वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने शिकागो कराराला सुरक्षेसाठी वेगळं परिशिष्ट जोडलं, अ‍ॅनेक्स १७, आणि आज जगभरातल्या तपासणीचा पाया तोच आहे.

आता कायद्याची अडचण बघा. पोलिसांना कोणाची झडती घ्यायची तर त्या माणसावर संशय असायला काहीतरी कारण लागतं. एअरपोर्टवर तर कोणावरच संशय नसतो आणि तरी सगळ्यांची झडती होते, मग हे चालतं कसं? अमेरिकेतल्या कोर्टांनी १९७३ पासूनच याचं उत्तर असं दिलं की ही गुन्हेगार शोधायची झडती नाहीच, शस्त्र किंवा स्फोटक विमानात जाऊ नये एवढ्यासाठी केलेली ती एक प्रशासकीय तपासणी आहे, सगळ्यांना सारखी, आणि तिची मर्यादा त्या कामापुरतीच. आपला हक्क नेमका या शेवटच्या चार शब्दांत आहे, म्हणून ते लक्षात ठेवा. २००९ मध्ये ओहायोतल्या एका फेडरल कोर्टापुढे अशीच केस आली होती, सुरक्षा कर्मचाऱ्यांनी एका प्रवाशाच्या बॅगेतली पाकिटं उघडून बघितली, आत खोटे पासपोर्ट निघाले. कोर्टाने तो पुरावा बाजूला ठेवला, कारण पाकिटात शस्त्र किंवा स्फोटक नाही हे कळल्यावरही शोध चालूच राहिला होता आणि तिथे तपासणीची हद्द ओलांडली गेली. म्हणजे माणूस प्रामाणिक नव्हता तरी नियम त्याच्यासाठीही तोच राहिला, आणि मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण नियम फक्त सज्जनांसाठी ठेवला तर सज्जन कोण हे ठरवायचं काम तपासणाऱ्याकडेच जातं. अर्थात शस्त्र शोधता शोधता सहज समोर दुसरं काही बेकायदा दिसलं तर ते पोलिसांकडे जाऊ शकतं, हेही तितकंच खरं. आणि अजून एक, २००७ च्या एका निकालाप्रमाणे अमेरिकेत तपासणी सुरू झाल्यावर "मला नाही जायचं विमानाने" म्हणून परत फिरता येत नाही, नाहीतर कोणीही हत्यार घेऊन यायचं, पकडलं जाईल असं वाटलं की मागे जायचं आणि उद्या पुन्हा प्रयत्न करायचा असं होईल.

बाकी देशांत शब्द वेगळे पण मोजपट्टी साधारण तीच. युरोपातल्या मानवी हक्क कराराचं कलम ८ म्हणतं की खाजगी आयुष्यात सरकारने ढवळाढवळ करायची तर त्याला कायद्याचा आधार हवा, योग्य हेतू हवा आणि ती गरजेपुरतीच हवी. भारतात २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या ९ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी निकालात प्रायव्हसी हा मूलभूत हक्क ठरवला, त्यातही कायदा, योग्य हेतू आणि प्रमाणशीरपणा हेच निकष आहेत. प्रमाणशीरपणा म्हणजे सोप्या भाषेत, तेच काम कमी त्रासात होत असेल तर जास्त त्रासाचा मार्ग घ्यायचा नाही. हा मुद्दा नुसता पुस्तकी नाही, आणि त्यासाठी बॉडी स्कॅनरची गोष्ट नीट सांगायला हवी.

जुनी चौकट म्हणजे मेटल डिटेक्टर, त्यातून विजेचे स्पंद सोडून चुंबकीय क्षेत्र तयार करतात, धातू आला की त्यात बदल होतो आणि बीप वाजतं. प्रायव्हसीच्या दृष्टीने तसं हे गरीब मशीन, ते तुमचं काहीच बघत नाही, फक्त धातू आहे का नाही एवढंच सांगतं. पण २५ डिसेंबर २००९ ला ॲम्स्टरडॅमहून डेट्रॉइटला जाणाऱ्या विमानात एका माणसाने अंडरवेअरमध्ये शिवलेलं स्फोटक पेटवायचा प्रयत्न केला, त्यात धातू नव्हताच, त्यामुळे डिटेक्टर गप्प. स्फोट नीट झाला नाही म्हणून शेकडो लोक वाचले. त्यानंतर पूर्ण शरीर स्कॅन करणारी मशीन्स धडाधड बसवली गेली.

ती दोन प्रकारची होती. एक बॅकस्कॅटर, ज्यात अगदी कमी ताकदीचे एक्स-रे अंगावर सोडून परत आलेले मोजतात, आणि दुसरं मिलिमीटर वेव्ह, म्हणजे काचेच्या केबिनमध्ये हात वर करून उभं राहायचं आणि दोन खांब गर्रकन आपल्याभोवती फिरतात ते. दुसऱ्यात एक्स-रे नसतात, २४ ते ३० गिगाहर्ट्झच्या आसपासच्या रेडिओ लहरी असतात, त्या कपड्यातून आरपार जातात आणि त्वचेतल्या पाण्यावर आपटून परत येतात, वाटेत काही वस्तू असेल तर तिचा आकार वेगळा दिसतो. दोन सेकंदांचं काम. पण सुरुवातीच्या काळात दोन्ही मशीन्समध्ये अडचण एकच होती, कपड्यातून आरपार म्हणजे कपड्याशिवाय, स्क्रीनवर माणसाच्या शरीराचा जवळजवळ उघडा आकार यायचा. वेगळ्या खोलीत बसलेला कर्मचारी तो बघायचा, चेहरा धूसर केलेला असायचा, तरी कोणी अनोळखी माणूस बंद खोलीत आपलं शरीर बघतोय ही कल्पनाच लोकांना सहन होईना आणि मला तरी त्यात काही चूक वाटत नाही.

तेव्हा सांगितलं गेलं की काळजी करू नका, चित्रं साठवली जात नाहीत. मग इलेक्ट्रॉनिक प्रायव्हसी इन्फर्मेशन सेंटर या संस्थेने माहितीच्या कायद्याखाली कागद मागवले, आणि २०१० मध्ये त्यातून बाहेर आलं की टीएसएने, म्हणजे अमेरिकेच्या एअरपोर्ट सुरक्षा यंत्रणेने, मशीन विकत घेतानाच ती चाचणीच्या वेळी चित्रं साठवू आणि पाठवू शकली पाहिजेत अशी अट घातली होती. टीएसएचं म्हणणं होतं की एअरपोर्टवर ती सोय बंद असते. त्याच वर्षी हेही कळलं की ऑरलँडोच्या एका कोर्टाच्या इमारतीत लावलेल्या अशाच जातीच्या मशीनमध्ये सुमारे ३५,००० चित्रं साठून राहिली होती. ते एअरपोर्ट नव्हतं, चित्रंही बरीच अस्पष्ट होती, पण "बंद असते" आणि "शक्यच नाही" यात काय फरक असतो ते यावरून सगळ्यांना कळलं. जी सोय मशीनमध्ये आहे ती आज ना उद्या कोणीतरी चालू करू शकतं.

युरोपियन कमिशनने नोव्हेंबर २०११ मध्ये नियम काढले, की एक्स-रेवाले स्कॅनर वापरायचे नाहीत, चित्रं साठवायची नाहीत, आणि प्रवाशाला स्कॅनर नको असेल तर दुसरी तपासणी मागता आली पाहिजे. अमेरिकेत त्याच वर्षी जुलैमध्ये कोर्टाने स्कॅनर घटनेविरुद्ध नाही असं सांगितलं, पण लोकांची मतं न मागवता एवढा मोठा बदल परस्पर करता येत नाही असंही टीएसएला सुनावलं. पण खरा फरक पडला तो सॉफ्टवेअरमुळे, आणि अमेरिकन संसदेने कायदा करून त्याला मुदतही घातली. नव्या सॉफ्टवेअरमध्ये कॉम्प्युटरच लहरींचा डेटा तपासतो, माणसासमोर चित्र येतच नाही, येते ती फक्त सगळ्यांसाठी सारखीच असलेली एक बाहुलीसारखी आकृती. काही सापडलं तर त्या आकृतीवर, समजा डाव्या खांद्यावर किंवा कमरेपाशी, एक पिवळा चौकोन उमटतो, काही नसेल तर स्क्रीन हिरवी होऊन ओके येतं. आणि ती स्क्रीन मशीनलाच लावलेली असते, पुढच्या वेळी मान वळवून बघा, आपल्याबद्दल काय दिसतंय ते आपल्यालाही दिसतं. वेगळी खोली नको, लपून बघणारा माणूस नको. बॅकस्कॅटर बनवणाऱ्या कंपनीला असं सॉफ्टवेअर मुदतीत जमलं नाही म्हणून २०१३ पर्यंत ती मशीन्स अमेरिकन एअरपोर्टवरून काढून टाकली. म्हणजे बघा, सुरक्षा हवी तर उघडं चित्र बघावंच लागेल, दुसरा इलाज नाही असं जे सांगत होते ते चुकीचं निघालं, लोकांनी आरडाओरडा केल्यावर दुसरा इलाज अगदी व्यवस्थित सापडला.

तरी सगळं सुटलं असं नाही. कितीतरी वर्षं कर्मचाऱ्याला आधी मशीनवर गुलाबी किंवा निळं बटण दाबावं लागायचं, म्हणजे प्रवासी बाई आहे का पुरुष हे त्याने नुसतं बघून ठरवायचं, आणि मशीन त्या हिशोबाने शरीर कसं असायला हवं ते धरून चालायचं. ट्रान्सजेंडर लोकांसाठी हे फार वाईट होतं, कुठलंही बटण दाबलं तरी शरीराच्या कुठल्यातरी भागावर चौकोन उमटायचा आणि मग तिथेच हात लावून तपासणी. टीएसएने २०२२ मध्ये बटणाशिवायचं सॉफ्टवेअर जाहीर केलं. दाट केस, पगडी, घाम, कपड्याची घडी, डायपर, पोटाला लावलेली मलमूत्राची पिशवी, इन्सुलिन पंप, स्तन काढल्यावर घालायचा कृत्रिम भाग, यांनीही मशीन फसतं, आणि अशा वेळी आपलं जे आजारपण जवळच्यांनाही सांगितलेलं नसतं ते चार अनोळखी लोकांसमोर सांगायची वेळ येते. मला वाटतं सगळ्यात जास्त अन्याय इथेच होतो, आणि तो नेमका ज्यांना आधीच त्रास आहे त्यांच्या वाट्याला येतो.

म्हणून इथे काय मागता येतं ते माहीत असू द्या. बहुतेक देशांत आपल्याच लिंगाच्या कर्मचाऱ्याकडून तपासणी मागता येते, आणि वेगळ्या खोलीत किंवा पडद्याआड तपासा असंही म्हणता येतं. अमेरिकेत त्या खोलीत सोबतीला स्वतःचं माणूस नेता येतं. पट्टी किंवा पिशवी काढून दाखवायला लागू नये म्हणून त्यावरून स्वतःचा हात फिरवायचा आणि मग हातावर स्फोटकाची चाचणी घ्यायची अशीही पद्धत आहे, पगडीलाही तीच वापरतात. हात लावायच्या आधीच शांतपणे सांगा, इथे पिशवी आहे, इथे दुखतं. डॉक्टरची चिठ्ठी असेल तर बोलणं सोपं होतं, चिठ्ठीने तपासणी टळत नाही.

ती हातावर पांढरी पट्टी फिरवून मशीनमध्ये घालतात ना, त्या चाचणीबद्दलही दोन शब्द. पट्टी गरम करून त्यावरचे कण वाफेत नेतात आणि ते किती वेगाने सरकतात त्यावरून पदार्थ ओळखतात. हृदयाच्या रुग्णांना देतात ते नायट्रोग्लिसरिन, खतं, काही हँड क्रीम्स, यांनीही अलार्म वाजू शकतो. वाजला म्हणजे आपण गुन्हेगार ठरलो असं नाही, दुसरी तपासणी होते आणि बहुतेक वेळा विषय तिथेच संपतो.

बॅगेच्या एक्स-रेबद्दल फार लिहीत नाही, नव्या सीटी स्कॅनरमध्ये बॅग सगळ्या बाजूंनी फिरवून बघता येते, त्यामुळे लॅपटॉप बाहेर काढावा लागत नाही, आपलं सामान सगळ्यांसमोर पसरावं लागत नाही, हे चांगलंच आहे. एक गोष्ट मात्र सांगायला हवी, की त्रास होतो म्हणजे सुरक्षा वाढते असं काही समीकरण नाही. २०१५ मध्ये अमेरिकेत सरकारच्याच लोकांनी वेश बदलून चाचण्या घेतल्या, त्यात बातम्यांप्रमाणे ७० पैकी ६७ वेळा खोटी स्फोटकं आणि हत्यारं तपासणीतून पार झाली. बुटाचा नियम बघा, डिसेंबर २००१ मध्ये एकाने बुटात स्फोटक आणलं, २००६ पासून अमेरिकेत सगळ्यांनाच बूट काढायला लावले, आणि जुलै २०२५ मध्ये तो नियम मागे घेतला. एवढी वर्षं तो चालला. एखादा नियम कामाचा आहे का हे अधूनमधून तपासणं हाही प्रमाणशीरपणाचाच भाग आहे, आणि तेवढंच नेमकं कोणी करत नाही.

आता ज्या गोष्टीची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती. अंगाला हात लागला तर आपल्याला कळतं, राग येतो, तक्रार करता येते. कॅमेऱ्याने चेहरा घेतला तर काहीच कळत नाही, उलट लाईन पटकन सरकते म्हणून बरंच वाटतं. बॉडी स्कॅनरवर एवढं रान उठलं कारण ते लाज वाटण्यासारखं होतं, चेहऱ्याच्या ओळखीत लाज वाटण्यासारखं काही नसतं म्हणून ती गुपचूप आत आली. पण पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो, चेहरा कसा बदलणार? २०१९ मध्ये अमेरिकेच्या सीमा यंत्रणेच्या एका कंत्राटदाराकडून प्रवाशांची सुमारे १,८४,००० चेहऱ्यांची चित्रं हॅकर्सच्या हाती लागली, आणि सरकारच्याच चौकशीत निघालं की त्या कंपनीने ती परवानगी नसताना आपल्या नेटवर्कवर उतरवून घेतली होती. त्याच वर्षी एनआयएसटी या अमेरिकन सरकारी संस्थेने दाखवलं की चेहरा ओळखणाऱ्या बऱ्याच अल्गोरिदममध्ये आशियाई आणि कृष्णवर्णीय चेहऱ्यांच्या बाबतीत एकाला दुसरा समजण्याची चूक गोऱ्या चेहऱ्यांपेक्षा १० ते १०० पट जास्त होते. हे सगळ्या अल्गोरिदमना लागू नाही, काही चांगलेही आहेत, पण एअरपोर्टवर कुठला बसवलाय हे आपल्याला कोण सांगतं?

इथेही मशीनची रचना काय आहे ते महत्त्वाचं. कॅमेऱ्यासमोरचा चेहरा फक्त आपल्याच पासपोर्टवरच्या फोटोशी जुळवायचा ही एक गोष्ट, आणि तो लाखो चेहऱ्यांच्या साठ्यात शोधायचा ही फार वेगळी गोष्ट. युरोपच्या डेटा संरक्षण मंडळाने मे २०२४ मध्ये असं मत दिलं की प्रवाशाचा चेहरा त्याच्या स्वतःच्या ताब्यात असेल, किंवा बाहेर साठवला तरी त्याची चावी फक्त त्याच्याकडे असेल, तरच हे नियमात बसू शकतं. भारतात १ डिसेंबर २०२२ ला सुरू झालेलं डिजीयात्रा, म्हणजे चेहरा दाखवून एअरपोर्टमध्ये प्रवेश देणारं ॲप, तेही कागदावर अशाच रचनेचं आहे, माहिती फोनमध्ये, एअरपोर्टकडची प्रत उड्डाणानंतर २४ तासांत पुसायची, आणि भाग घेणं ऐच्छिक. हे चांगलं आहे, पण ऐच्छिक गोष्ट खरंच ऐच्छिक राहते का हे साध्या लाईनीवरून कळतं, ती लाईन मुद्दाम लांब आणि हळू ठेवली तर होकार मनापासूनचा राहत नाही. अमेरिकेत टीएसएच्या कॅमेऱ्यासमोर "फोटो नको, ओळखपत्र बघा" असं म्हणता येतं आणि ते मान्य करावं लागतं. सीमेवरचं वेगळं, तिथे परदेशी माणसाला असा पर्याय सहसा नसतो, युरोपातही ऑक्टोबर २०२५ पासून बाहेरच्या देशांतल्या लोकांचे बोटांचे ठसे आणि चेहरा घ्यायला सुरुवात झाली आहे आणि तो डेटा साधारण तीन वर्षं राहतो.

फोनच्या बाबतीतही हाच घोळ होतो, लोक सिक्युरिटी चेक आणि इमिग्रेशन-कस्टम्स एकच समजतात. सिक्युरिटीवाल्याला फोन चालू करून दाखवा म्हणता येतं, तो खरा फोन आहे हे बघायला, आतले मेसेज वाचणं हे त्याचं काम नाही. सीमेवरच्या अधिकाऱ्याचे अधिकार मात्र खूप मोठे असतात, ब्रिटनमध्ये दहशतवादविरोधी कायद्याखाली पासवर्ड मागता येतो, न्यूझीलंडमध्ये २०१८ च्या कायद्यानुसार पासवर्ड द्यायला नकार दिला तर ५,००० न्यूझीलंड डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणून जे न्यायची गरज नाही ते फोनमध्ये घेऊनच जाऊ नका, याहून चांगला सल्ला मला तरी माहीत नाही.

आणि शेवटचा भाग तर एअरपोर्टवर पाऊल ठेवायच्या आधीच घडतो. तिकीट काढलं की एअरलाईनकडे आपली एक नोंद तयार होते, तिला पीएनआर म्हणतात, नाव, फोन नंबर, पैसे कोणी आणि कसे दिले, बरोबर कोण आहे, कुठली सीट, कुठलं जेवण, व्हीलचेअर हवी का. जेवणाच्या निवडीवरून धर्म कळू शकतो, व्हीलचेअरवरून तब्येत, बरोबर कोण यावरून नातं. ही नोंद बऱ्याच देशांत सरकारकडे आधीच जाते, आणि त्यावरून कोणाची जास्त तपासणी करायची ते ठरू शकतं. युरोपियन कोर्टाने २०१७ मध्ये कॅनडाबरोबरचा पीएनआर करार याच कारणाने अडवला, आणि जून २०२२ मध्ये युरोपच्या स्वतःच्या पीएनआर कायद्यालाही मर्यादा घातल्या, की सगळ्याच प्रवाशांचा डेटा सरसकट पाच वर्षं ठेवता येणार नाही, संशयाला काही आधार नसेल तर सहा महिन्यांनंतर तो ठेवायचं कारण उरत नाही. बरं, ही नोंद आपल्याला मागता येते. युरोपातल्या एअरलाईनला ईमेल करून माझ्याबद्दलचा सगळा डेटा द्या असं लिहिलं तर जीडीपीआर या युरोपच्या डेटा संरक्षण कायद्याप्रमाणे त्यांना साधारण महिन्याभरात उत्तर द्यावं लागतं, फार किचकट केस असेल तर मुदत वाढते, पैसे लागत नाहीत आणि कारणही सांगावं लागत नाही. चुकीचं काही दिसलं तर दुरुस्तही करून घेता येतं, आणि उत्तरच आलं नाही तर त्या देशाच्या डेटा संरक्षण कार्यालयाकडे तक्रार करता येते.